पिवळ्या दिव्याचा बंदोबस्त

आपल्या मालकीची प्रवासी व्हॅन आठ-दहा वर्षांची झाली असेल, सकाळी कारखान्याची पाळी, रविवारी अष्टविनायक आणि लग्नसराईत वऱ्हाड अशा फेऱ्या मारून तिने आपले हप्ते केव्हाच फेडले असतील, आणि अशा गुणी गाडीच्या डॅशबोर्डवर एके दिवशी एबीएसचा, म्हणजे करकचून ब्रेक मारला तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचा, पिवळा दिवा लागला व काही केल्या विझेना, तर आपण मुळीच गडबडून जाऊ नये. या धंद्यात मुरलेल्या मंडळींनी अशा प्रसंगासाठी एक वाक्य तयार ठेवले आहे : “ब्रेक चांगले आहेत, सेन्सर खराब आहे.” हे वाक्य प्रथम स्वतःशी दोनदा म्हणावे, मग चालकाला ऐकवावे, आणि त्याने मान डोलावली की निम्मे काम झाले असे समजावे. या वाक्याची खरी थोरवी अशी, की ते बहुतेक वेळा खरेही असते. पेडल दाबले की गाडी थांबते, प्रवासी उतरतात, भाडे मिळते. सेन्सर ज्या दिवसासाठी बसवलेला असतो तो दिवस वर्षाकाठी एखादाच उगवतो आणि उरलेले सगळे दिवस आपल्या बाजूने साक्ष देतात.

दिव्याचा बंदोबस्त करताना हौशी माणसे काळी चिकटपट्टी लावतात. ही रीत स्वस्त असली तरी घरंदाज नव्हे. उन्हाने पट्टीचा गोंद सुटतो, कड उचलली जाते आणि रात्रीच्या प्रवासात त्या फटीतून पिवळी तिरीप नेमकी पुढच्या सीटवरील गृहस्थाच्या डोळ्यांवर येते. एका व्हॅनमध्ये मी त्या जागी गणपतीचे स्टिकर चिकटवलेले पाहिले आहे. दिवा लागला की विघ्नहर्त्याच्या पाठीमागे आपोआप प्रभावळ उमटत असे आणि एखादा भाविक प्रवासी बसल्या जागेवरून नमस्कारही करीत असे. मीटर खोलून बल्बच काढून टाकणे ही याच्या वरची पायरी. पण तिच्यातही एक खोट आहे. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागतात, ती खरे तर त्यांची हजेरी असते, आणि जाणता माणूस तेवढ्यात कोण गैरहजर आहे ते हेरतो. म्हणून खानदानी वायरमन त्या दिव्याची तार इंजिन ऑइलच्या दिव्याला जोडून देतो. किल्ली फिरवताच दोघे जोडीने लागतात, इंजिन सुरू होऊन ऑइलचा दाब आला की जोडीनेच विझतात, आणि चाकापाशी काय चालले आहे याच्याशी पिवळ्या दिव्याचा काडीचाही संबंध उरत नाही. ज्या हातांना वायरिंगची एवढी सफाई साधते त्याच हातांना सेन्सरची तुटलेली तार सहज सांधता आली असती, असा विचार मनात आल्यास तो तेथेच दाबावा. तेवढा दाब ब्रेकला नसला तरी चालेल.

आता या सेन्सरविषयी थोडे, कारण शत्रूची माहिती असलेली बरी. चाकाच्या हबवर एक दातेरी कडे असते आणि त्याच्यासमोर जेमतेम एक मिलिमीटरच्या अंतरावर चुंबक व तारेचे वेटोळे असलेला बोटभर सेन्सर बसवलेला असतो. चाक फिरले की एकेक दात समोरून जातो, वेटोळ्यात विजेचा बारीकसा ठोका पडतो, आणि ते ठोके मोजून कोणते चाक किती वेगाने फिरते आहे हे गाडीतल्या संगणकाला कळते. करकचून ब्रेक मारल्यावर एखादे चाक जाम होऊ लागले तर त्याचे ठोके एकाएकी मंदावतात. मग संगणक त्या चाकावरचा दाब सेकंदात अनेकदा सोडतो आणि पुन्हा धरतो, त्यामुळे चाक फिरते राहते आणि स्टिअरिंग वळवले की गाडी वळते. एखाद्या चाकाचा हिशेब जुळेनासा झाला की संगणक हात वर करतो, ही व्यवस्था बंद ठेवतो आणि दिवा लावतो. साधे ब्रेक शाबूत राहतात. फक्त पावसाने निसरड्या झालेल्या रस्त्यावर पुढची चाके जाम झाली तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाते, आणि मागची जाम झाली तर ती शेपूट फिरवते. पण ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरांहून अधिक अंतर कापत असल्यामुळे हा प्रश्न कोणाला फार वेळ छळत नाही.

बिघाडाची कारणे तर ऐकवत नाहीत इतकी क्षुल्लक असतात. चाक वर-खाली होताना तार वाकून वाकून आतल्या आत तुटते, बेअरिंग ढिले होऊन ते एक मिलिमीटरचे अंतर बदलते, आणि काही गाड्यांत बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकी पट्टी असते, ते बेअरिंग मिस्त्रीने उलटे ठोकले की सेन्सर आंधळा होतो. मी एकदा गॅरेजच्या खड्ड्याशी उभा असताना तिथल्या पोऱ्याने सेन्सर उपसून काढला, तर त्याच्या चुंबकी टोकाला लोखंडी भुश्याची चांगली बोटभर दाढी आली होती. पोऱ्याने ती फडक्याने पुसली, सेन्सर पुन्हा बसवला, आणि गाडी फाटकापर्यंत जाऊन येईतो दिवा विझला होता. बल्बला हात नाही, मीटरला हात नाही. अशा पोरांपासून सावध राहावे. ती धंद्याची रीत बिघडवतात.

कधी कधी सेन्सर उलट्या बाजूनेही छळतो, आणि येथे मालकांची तक्रार अगदी रास्त असते हे मान्य केले पाहिजे. दातेरी कड्याखाली गंज फुगला किंवा कड्याला चीर गेली की गाडी थांबता थांबता, अगदी मंद वेगात, ठोके चुकू लागतात. चाक जाम झाले असा संगणकाचा समज होतो आणि तो कोरड्या ठणठणीत रस्त्यावर ब्रेकचा दाब सोडून देतो. पायाखाली पेडल ‘गर्रर्र’ करीत थरथरते आणि सिग्नलला थांबू पाहणारी व्हॅन झेब्रा पट्टे ओलांडून पुढच्या रिक्षाची विचारपूस करते. कडे बदलल्यास हे थांबते. आपण मात्र एबीएसचा फ्यूजच उपटून खिशात ठेवावा, म्हणजे गर्रर्र थांबते आणि व्हॅन पुन्हा कारखान्यातून निघाल्यासारखी शांत होते. फ्यूज जपून ठेवावा, विकताना लागतो.

लाल दिवा हे वेगळे प्रकरण आहे आणि तेथे अधिक मुत्सद्देगिरी हवी. ब्रेक ऑइलच्या डबीत एक तरंगता फ्लोट असतो. पातळी उतरली की तो खाली बसतो आणि लाल दिवा लागतो. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला उतरताना वळणावळणाला ऑइल डबीच्या एका कडेला सरकते आणि हा दिवा डोळे मिचकावतो. पातळी उतरते ती अनेकदा ब्रेकचे पॅड झिजल्यामुळे. झिजलेल्या पॅडची जागा भरून काढायला ऑइल खाली गेलेले असते. म्हणून पॅड न बघता वरून ऑइल ओतावे, दिवा समजूतदारपणे विझतो. पॅडमध्येच झिजेचा इशारा देणारी तार असेल तर बिनतारेचे पॅड घालून तारेची दोन टोके एकमेकांना पिळून टाकावीत, म्हणजे पॅड कायमचे नवे राहतात. ऑइलमध्ये वर्षानुवर्षे मुरलेल्या ओलाव्याची काळजी तर करूच नये, कारण तो मोजणारा सेन्सरच आपल्या गाडीत नाही. डॉट 3 दर्जाचे कोरडे ऑइल निदान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर ही हमी 140 अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापून ऑइल उकळले, त्यात वाफेचे बुडबुडे झाले आणि घाटाच्या पायथ्याशी पेडल स्पंजासारखे मऊ लागले, तर गाडी आता रुळली असे म्हणावे.

राहता राहिले पासिंग. गाडी आठ वर्षांची झाली की योग्यता प्रमाणपत्र दर वर्षी घ्यावे लागते, याचे दडपण घेऊ नये. रोलरवर चाके फिरवून ब्रेकची ताकद मोजतात ती माणसाच्या चालण्याच्या वेगाला, आणि त्या वेगाला एबीएस मुळात जागेच होत नाही. तेथे गाडी खणखणीत पास होते, कारण, आपण पहिल्यापासून म्हणत आलोच आहोत, ब्रेक चांगले आहेत.

प्रवाशांनी क्वचित काही विचारले तर उत्तर तयार असू द्यावे. परवा वाईला निघालेल्या एका व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर बसलेल्या आजींनी गणपतीच्या स्टिकरकडे बोट दाखवून विचारले, “बाळा, हा दिवा नंदादीप का रे? दिवसाही चालूच दिसतो.” चालक म्हणाला, “हो आजी, किल्ली फिरवली की लागतो.” आजींनी पर्समधून दहाची नोट काढली, त्या स्टिकरपुढे ठेवली आणि पदर सावरून डोळे मिटले. गाडी तेव्हा पसरणीचे पहिले वळण उतरत होती.