निवड चाचणी एकदाच का?

विदर्भातल्या माझ्या जुन्या खेळाडू मित्रांमध्ये सध्या एकच विषय चालू आहे. एका जिल्ह्याच्या ज्युनिअर बास्केटबॉल संघाची निवड चाचणी झाली, बारा नावांची यादी लागली आणि तालुक्याच्या गावाहून आलेला एक पोट्टा त्यात नव्हता. आमच्यातल्या दोघांनी त्याला वर्षभर खेळताना पाहिलं होतं. चाचणी एका सकाळची. सत्तरेक मुलं, एक कोर्ट, खुर्च्यांवर तीन माणसं. त्याच्या वाट्याला आली जेमतेम सात-आठ मिनिटं.

मग मित्रांमध्ये तट पडले. एकाच्या मते हा सरळसरळ वशिला. दुसरा म्हणतो, बारा जागा आणि सत्तर मुलं म्हटल्यावर कोणीतरी राहणारच, समितीला कशाला बोल लावता? आणि तिसरा माझ्याकडे वळतो: ‘तू तिकडे बघतोस ना? अमेरिकेत असं होत नाही. तिथं बरोबर हेरतात.’

मी दक्षिण कॅरोलायनातल्या ग्रीनव्हिलला राहतो. दर उन्हाळ्यात इथल्या हायस्कूलच्या मुलांचे शोकेस कॅम्प, म्हणजे कॉलेजांच्या कोचना खेळ दाखवायचे मेळावे भरतात, तिथे टेबलावर बसून स्कोअरशीट लिहिण्याचं काम मी आवडीने करतो. त्या खुर्चीवरून जे दिसतं त्याच्या जोरावर सांगतो, इथे बरोबर हेरतात हे खरं नाही. इथेही चुकतात, आणि मोठमोठे लोक मोठमोठ्या चुका करतात. पण एकदा चुकलेलं पोर त्यांच्या नजरेसमोर पुन्हा येतं. आपल्याकडे येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

आधी कॅम्प कसा असतो ते सांगतो. सकाळी मोजमाप होतं: बूट काढून उंची, दोन्ही हात पसरून एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंतची लांबी, हात वर करून उभ्याने पोच, जागेवरून उडी. मग कौशल्याचे सराव आणि दुपारपासून पाच विरुद्ध पाच सामने. एका छताखाली चार-चार कोर्ट, प्रत्येक मुलाच्या बनियनवर आकडा. कडेला घडीच्या खुर्च्यांवर कॉलेजांचे कोच, हातात मुलांच्या नावांचा आणि माहितीचा गठ्ठा. जुलैमधल्या ठरावीक दिवसांत कॉलेज खेळांच्या सर्वोच्च विभागाच्या कोचना असे सामने पाहायला परवानगी असते, पण तिथे मुलाशी किंवा आईबापांशी बोलायची नसते. त्यामुळे शंभर माणसं एकाच पोराकडे टक लावून बसलेली असतात आणि त्याला कोणी ‘शाबास’ही म्हणू शकत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलावर याचं काय ओझं येत असेल, ते त्याच्या फ्री-थ्रोच्या वेळी दिसतं.

अशा जागी खेळ बिघडतो. संघातली मुलं सकाळी पहिल्यांदा भेटलेली असतात आणि प्रत्येकाला स्वतःला दाखवायचं असतं. चेंडू हातात आला की तो सोडवत नाही. ज्याचं काम वेळेवर पास देण्याचं, अंगाचा आडोसा करून दुसऱ्याला मोकळं करण्याचं, डिफेन्समध्ये मागून आवाज देऊन चौघांना जागेवर ठेवण्याचं, असा पॉइंट गार्ड इथे चार तास खेळूनही कागदावर कोरा राहतो. माझ्या स्कोअरशीटवर त्याच्यासाठी रकानाच नसतो.

म्हणून जे कोच मुरलेले आहेत ते चेंडूकडे कमी पाहतात. चेंडू हातून गेल्यावर पोरगा परत धावतो की हात पसरून रेफरीकडे बघतो? बदली म्हणून बाहेर काढल्यावर बाकावर कुठे बसतो, सोबत्यांशी बोलतो का? डाव्या बाजूने अडवलं तर काय करतो? पावलं किती मोठी आहेत, आईबाप किती उंच आहेत, म्हणजे अजून किती वाढेल? एका सहायक कोचच्या वहीत मी पाहिलं, एका मुलापुढे फक्त एवढंच लिहिलेलं होतं की शेवटच्या सामन्यात, वीस गुणांनी मागे असताना, हा जमिनीवर पडलेल्या चेंडूसाठी झेपावला. तो कोच दुसऱ्या दिवशी त्याच मुलाचा सामना पाहायला परत आला होता.

आता चुकांकडे येतो. २००१ चा जुलै, न्यू जर्सीतलं टीनेक, एबीसीडी कॅम्प. सनी व्हॅकारो यांनी उभा केलेला हा कॅम्प त्या काळी देशातला सगळ्यात नावाजलेला. तिथे देशातल्या अव्वल मुलांत गणला जाणारा लेनी कूक ओहायोतल्या एका मुलाविरुद्ध खेळला. त्या मुलाचं नाव लेब्रॉन जेम्स, पुढे जगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूंत गणला गेलेला. शेवटच्या क्षणी लेब्रॉनने लांबून चेंडू टाकला आणि सामना घेतला. पुढच्या वर्षी कूकने कॉलेजात न खेळता थेट एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या वार्षिक निवडीत (तिथे संघ क्रमाने नवे खेळाडू घेतात) नाव दिलं आणि त्याला कोणीच घेतलं नाही. या गोष्टीचा एक भाग क्वचितच सांगितला जातो. तेव्हा कूक एकोणीस वर्षांचा होता आणि लेब्रॉन सोळा. अडीच वर्षांहून जास्त अंतर. कूकमध्ये दिसणारं बळ किती खेळाचं आणि किती वयाचं, हे यादी बनवणाऱ्यांपैकी किती जणांनी वेगळं काढून पाहिलं असेल?

उलट उदाहरणंही आहेत. फ्लोरिडातल्या छोट्या ऑबर्नडेलचा ट्रेसी मॅकग्रेडी १९९६ साली याच कॅम्पला येईपर्यंत देशात जवळजवळ अनोळखी होता. पुढच्याच वर्षी एनबीएच्या टोरांटो संघाने त्याला निवडीत नवव्या क्रमांकावर घेतलं. शिकागोचा अँथनी डेव्हिस हायस्कूलच्या मधल्या वर्षांत सात-आठ इंच वाढला. तोवर मोठ्या कॉलेजांनी त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं, आणि २०१२ साली तो निवडीत पहिला आला.

आणि एक गोष्ट आमच्या शेजारच्याच स्पार्टनबर्गची. २०१६ च्या उन्हाळ्यात मरे स्टेट या केंटकीतल्या कॉलेजचे सहायक कोच जेम्स केन तिथे दुसऱ्याच मुलाला पाहायला आले होते. मध्येच काही खायला घ्यायला उठले, तर मागच्या छोट्या जिममधून चेंडूचा आवाज आला. डोकावले, तर तिथे मुख्य कोर्टवर जागा न मिळालेली पोरं तीन विरुद्ध तीन खेळत होती. त्यांत जा मोरँट होता. तोही याच राज्यातला, डॅल्झेल नावाच्या लहान गावचा. तीन वर्षांनी, २०१९ मध्ये, एनबीएच्या निवडीत तो दुसऱ्या क्रमांकावर होता.

ही गोष्ट इथे नशिबाची म्हणून सांगतात. मला ती तशी वाटत नाही. मुख्य कोर्टवर न घेतलेल्या मुलांनाही त्या दिवशी घरी पाठवलं नव्हतं. त्यांच्यासाठी मागे एक जिम उघडी होती, त्यांना चेंडू दिला होता, ती खेळत होती. ती जिम बंद असती तर केन यांची भूक काय कामाची?

याचा अर्थ इथलं सगळं उचलून न्यावं असं मुळीच नाही. पैशाने इथे फार घाण केली आहे. बुटांच्या कंपन्यांनी उन्हाळी संघ पोसले, २०१७ साली एफबीआयने कॉलेज बास्केटबॉलमधली लाचखोरी उघड केली आणि पुढच्या वर्षी अशा एका कंपनीचे लोक दोषी ठरले. बरेच कॅम्प फी घेऊन चालतात आणि ज्याची फी घेतली त्या मुलाबद्दल वाईट लिहायला आयोजकाचा हात धजत नाही. मोटेलचं भाडं, पेट्रोल आणि फी यांत गरीब आईबापांचा सगळा उन्हाळा जातो. आणि पदरात काय? हायस्कूलमध्ये साडेपाच लाखांच्या घरात मुलगे बास्केटबॉल खेळतात. त्यांतले शेकडा साडेतीन एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या संघांत पोहोचतात, सर्वोच्च विभागात शेकडा एक. सातवीतल्या मुलांनाही क्रमांक देणारे लोक इथे आहेत. ते आपल्याकडे कधीही येऊ नये असं मला मनापासून वाटतं.

वयाचंही तसंच. मुलगा अंगाने भरावा म्हणून त्याला मुद्दाम एक वर्ष मागे ठेवायचं, ही इथली राजरोस पद्धत आहे. आपल्याकडे जन्मदाखलाच बदलतात. आपल्या पद्धतीत कागद खोटा असतो, इथे खरा, पण दोन्हीकडे मोठं पोरगं लहानांत उतरवलं जातं आणि नुकसान होतं ते खऱ्या वयाच्या लहानखुऱ्या मुलाचं. केंद्र सरकारने २०१० मध्ये वयचोरीविरुद्ध संहिता आणली, क्रिकेट मंडळ मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढतं. हे चांगलंच आहे. पण निवडीच्या कागदावर उंचीशेजारी जन्मतारीख लिहून ती डोळ्यांसमोर ठेवून पाहणं, यासाठी कुठल्याही यंत्राची गरज नाही.

उंचीचं वेड आपल्याला फार आहे. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीतून २०१० मध्ये तो फ्लोरिडाला गेला आणि २०१५ साली डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. भारतात जन्मून एनबीएच्या निवडीत येणारा तो पहिला. आम्ही परदेशातल्या भारतीयांनी त्या रात्री जो आनंद केला तो मला आठवतो. पण त्याला एनबीएचा एकही नियमित सामना मिळाला नाही. ज्या वर्षांत तो आला त्याच वर्षांत खेळ लांबच्या फेकीचा आणि चपळाईचा झाला, आणि बास्केटजवळ उभ्या राहणाऱ्या संथ, उंच सेंटरची गरज झपाट्याने घटली. त्याने कष्टांत कसूर केली नाही. माझं दुःख वेगळं आहे. आपण सात फुटांच्या मुलाला शोधायला पंजाबभर फिरतो, आणि पाच फूट दहा इंचांचा, पुढच्या दोन चाली आधी ओळखणारा गार्ड आपल्या डोळ्यांसमोरून घरी जातो. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीच्या प्रवेशचाचण्याही धावणं, उडी, मेडिसिन बॉल फेक मोजतात. शरीर मोजायलाच हवं. पण खेळाची समज मोजपट्टीत येत नाही, ती सामन्यात दिसते, आणि तीही लगेच नाही.

आपल्याकडचा वाद वशिल्यापाशी येऊन अडतो, त्याचं कारण मला कळतं. आपल्या यादीला खेळापलीकडची किंमत आहे. तिच्यावर प्रमाणपत्र, प्रमाणपत्रावर दहावी-बारावीचे क्रीडागुण, आणि पुढे सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं महाराष्ट्राने पाहिली आहेत. जिथे एका नावावर एका घराचं पोट ठरू शकतं, तिथे यादी लावणाऱ्यावर संशय येणारच. म्हणूनच निवडीची कारणं लिहिलेली हवीत. प्रत्येक मुलासाठी दोन ओळी: काय चांगलं दिसलं, काय कमी पडलं. आज ज्याचं नाव नसतं त्याला घरी जाताना काहीच सांगितलं जात नाही. तो काय सुधारणार? आणि प्रामाणिक निवडकर्ता स्वतःचा बचाव तरी कशाच्या आधारावर करणार?

दुसऱ्यांदा पाहण्याची रीत आपल्याला परकी नाही. मुंबईच्या नागपाड्यातल्या कोर्टांवरून पिढ्यान् पिढ्या भारताचे खेळाडू निघाले. अब्बास मुंतसिर तिथलेच, देशाचे कर्णधार, १९७० चे अर्जुन पुरस्काराचे मानकरी. माझ्या मते त्या मोहल्ल्याचं बळ हेच की रोज संध्याकाळी मोठे खेळाडू कडेला उभे असत आणि धाकट्यांना वर्षानुवर्षं पाहत. आज हुकलेला पोरगा उद्या पुन्हा त्यांच्यासमोर. एकट्यादुकट्याने तालुक्याहून एसटीने येणाऱ्या मुलाच्या नशिबी असा कट्टा नाही, त्याच्यासाठी तो मुद्दाम उभा करावा लागेल.

मित्र विचारतात, वेळ कुठून आणायचा? हिशेब मांडून पाहिला. बहात्तर मुलं धरा. नऊ-नऊ जणांचे आठ संघ. प्रत्येक संघाला तीन सामने, म्हणजे एकूण बारा. वीस मिनिटांचा सामना आणि मध्ये पाच मिनिटं धरली, तर एका कोर्टवर पाच तास, दोन कोर्टवर अडीच. प्रत्येक मुलाला साधारण तेहतीस मिनिटं खेळ मिळतो, तीन वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. संघ चिठ्ठ्या टाकून करावेत आणि प्रत्येक सामन्यानंतर पाहणाऱ्यांनी कोर्ट बदलावं, म्हणजे एकाच माणसाच्या मतावर कोणाचं भवितव्य राहणार नाही. पंधरा दिवसांनी पहिल्या यादीतले बारा आणि बाहेर राहिलेल्यांतले बारा यांना परत बोलवावं, पुन्हा तसेच सामने खेळवावेत आणि मगच शेवटची यादी लावावी. दूरच्या मुलांचं एसटीचं भाडं आम्ही बाहेर असलेले जुने खेळाडू आनंदाने देऊ. खुर्च्यांवर बसायला माणसं हवीत, तर आज फोनवर तावातावाने भांडणारे माझे तिन्ही मित्र राज्य पातळीवर खेळलेले आहेत. त्यांनी वही-पेन घेऊन त्या दिवशी सकाळी सातला कोर्टवर हजर राहावं.