पाना हातात घेण्याआधी गाडीखाली वाका

"स्टिअरिंग लूज झालंय? गॅरेजवाला हजारोंना कापेल. खालचा एक स्क्रू अर्धा फेरा आवळा, प्ले गायब! टायरमध्ये 40 हवा भरा, अलाइनमेंट करा, पॉवर स्टिअरिंगचं तेल टाका. आणि घाबरू नका, कायद्याने 30 डिग्री प्ले चालतो." हा मेसेज बऱ्याच दिवसांपासून फिरतोय आणि मी तो सोडून देत होतो. पण परवा मोठ्या मेव्हण्यांनी तो मलाच पाठवून विचारलं, "पाना कितीचा लागेल?" हे गृहस्थ सणावाराला बायकामुलं घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरतात. त्यामुळे आता लिहिणं भाग आहे. (प्ले म्हणजे चाकं वळायला लागण्याआधी स्टिअरिंग जेवढं रिकामं फिरतं तेवढं.)

सगळ्यात घातक तो स्क्रू, म्हणून आधी तोच. असा स्क्रू असतो, हे नाइलाजाने मान्य करतो. जिप्सीसारख्या गाड्यांना स्टिअरिंग बॉक्स (स्टिअरिंगच्या गिअरची पेटी) असतो आणि त्याच्यावर चेकनटसकट (स्क्रू जागी धरणारा नट) ॲडजस्टिंग स्क्रू असतो. बाकीचे सगळे जॉइंट तपासून झाल्यावर, चाकं सरळ ठेवून, जाणता मिस्त्री तो किंचित फिरवतो. मेव्हण्यांची हॅचबॅक मात्र रॅक-पिनियनची आहे, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक (पिनियन) एक दातेरी पट्टी (रॅक) डावी-उजवीकडे सरकवतं. तिथे बॉक्स नाही. रॅकच्या पाठीला स्प्रिंगने दाबून धरणारा एक तुकडा असतो आणि त्याच्यामागे प्लग. तो आवळला की रॅक पिनियनवर जास्त दाबला जातो.

गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे मधले दात जास्त झिजतात. टोकाकडचे जवळपास कोरे राहतात. मधला प्ले जाईपर्यंत आवळलं, की टोकाकडे रॅक जाम व्हायला लागतो. अंगणात गाडी उभी करून स्टिअरिंग हलवलं तर एकदम घट्ट, झकास. घाटात हेअरपिनला पूर्ण कापलं, वळण संपलं, आणि स्टिअरिंग आपसूक सरळ यायचं सोडून तिथेच धरून बसलं, समोरून एसटी. मेसेज लिहिणाऱ्याने हे करून पाहिलंय का?

त्याहून वाईट म्हणजे बऱ्याच वेळा प्ले रॅकमध्ये नसतोच. तो असतो टाय रॉड एंडमध्ये (रॅककडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा जॉइंट), रॅक एंडमध्ये (त्याच दांड्याचा रॅककडचा जॉइंट), रॅकच्या बुशमध्ये, नाहीतर स्टिअरिंगच्या दांड्याला खाली जो क्रॉस जॉइंट असतो त्यात. टाय रॉड एंडचं रबर फाटतं, ग्रीस बाहेर येतं, चिखलपाणी आत जातं आणि गोळा आपल्या घरात खुळखुळायला लागतो. स्क्रू आवळल्याने स्टिअरिंग जड होतं, म्हणून घट्ट वाटतं. खुळखुळणारा गोळा तसाच राहतो. एक दिवस तो घरातून निसटला की ते चाक तुमचं ऐकणं बंद करतं.

शोधायचं कसं? त्याला पाना लागत नाही, दुसरा माणूस लागतो. सपाट जागी हँडब्रेक ओढून चाकं सरळ ठेवा. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर गाडी न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू करा. एकाने आत बसून स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने बाहेरून चाकामागे वाकून जॉइंटवर बोट ठेवायचं. दांडा हलतोय पण चाक उशिरा हलतंय, तर तोच जॉइंट गेलाय. टक टक बोटाला लागतं. मग इंजिन बंद करून चाक उचला, पण नुसत्या जॅकच्या भरवशावर नको, खाली स्टँड लावा. चाक म्हणजे घड्याळ समजून 3 आणि 9 वर धरून हलवलं आणि हललं, तर बहुधा टाय रॉड. 12 आणि 6 वर हललं, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. अशा वेळी कुणालातरी ब्रेक दाबायला सांगा. हलणं थांबलं तर बेअरिंग समजा.

आता तो 30 डिग्रीचा मुद्दा. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, नियम 98. स्टिअरिंगच्या चाकावर 30 डिग्रीपेक्षा जास्त प्ले नसावा असं तिथे आहे, हे खरं. पण मेसेजवाल्याने पुढचं खाल्लं. त्याच नियमात स्टिअरिंगची यंत्रणा सुस्थितीत ठेवा, बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात आणि बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या हव्यात असंही आहे. म्हणजे फाटक्या रबरावर फिरणारी गाडी 10 डिग्री प्लेवरसुद्धा नियमात बसत नाही. शिवाय 38 सेंटीमीटरच्या स्टिअरिंगवर 30 डिग्री म्हणजे कडेला जवळपास 10 सेंटीमीटर! मारुतीच्या कित्येक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा 30 मिलिमीटर आहे. डिग्री आणि मिलिमीटर यांची गल्लत झाली असेल तर देव भलं करो.

हवेबद्दल थोडं तथ्य आहे. टायर बसके असतील तर गाडी पोहल्यासारखी वाटते. पण उपाय 40 नाही, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असेल तो आकडा. अलाइनमेंटने कोन बसतात, प्ले जात नाही. ढिल्या जॉइंटवर अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी. आधी पार्ट, मग अलाइनमेंट. तेल कमी झालं की स्टिअरिंग जड होतं, घरघरतं, लूज होत नाही. आणि मेव्हण्यांच्या गाडीचं पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, तेल ओतणार कुठे?

राहिला गॅरेजवाला लुटण्याचा प्रश्न. लुटणारे आहेत. त्यावर इलाज एकच: गाडी वर घेतल्यावर त्याला म्हणा, प्ले माझ्या हाताला दाखव, नवीन पार्ट बसवताना स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालतात ती) नवी घाल, आणि जुना पार्ट डिकीत टाक. जो दाखवायला कांकू करेल, त्याच्याकडून गाडी काढून घ्या.