सोसायटीला चारा

मला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला. सोसायटीच्या मीटिंगचं इतिवृत्त ग्रुपवर आलं, त्यात टँकरचा खर्च लिफ्टच्या मेंटेनन्समधे, लिफ्टचा गणपतीत आणि गणपतीचा "इतर"मधे असं सगळं एकमेकांत कालवलेलं, आणि मी रात्री साडेअकराला झोप येत नव्हती म्हणून लिहून मोकळा झालो, की हे इतिवृत्त म्हणजे निव्वळ फरॅगो आहे.

"भेळ" लिहिलं असतं तर कुणी ढुंकूनही बघितलं नसतं. पण हा शब्द २०१७ पासून माझ्याकडे पडून होता हो. त्या वर्षी मे महिन्यात शशी थरूर यांनी एका ट्वीटमधे तो वापरला, लोक डिक्शनऱ्या उघडून बसले, आणि मीही पाठ करून ठेवला. तेव्हापासून लग्नातलं जास्तीचं पाकीट जसं कुणाला तरी खपवायचं म्हणून कपाटात असतं तसा तो होता. शिवाय त्याची एक अडचण आहे, इंग्रजीत तो एकटा येत नाही, बहुतेक वेळा मागे "ऑफ" लावून खोटेपणा, मूर्खपणा, विपर्यास असली वरात घेऊनच येतो. भाज्यांचा फरॅगो कुणी करत नाही. म्हणजे वापरायला आधी भांडण पाहिजे, ते आमच्या सोसायटीत मिळालं.

सकाळी सातला तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा मेसेज, "कोण फरार झालं?" एका काकूंना तो मसाला वाटला, पावशेराचा भाव विचारला. आणि सेक्रेटरींचं, मोबाईलवरही लेटरहेडवर लिहिल्यासारखं लिहितात ते, "सदर शब्द अपशब्द असल्यास मागे घ्यावा, नसल्यास रविवारी सभेत अर्थ सांगावा."

झालं. शनिवारी चहा घेऊन बसलो शोधायला. मला आपलं वाटत होतं काहीतरी भारदस्त निघेल, ग्रीक तत्त्वज्ञान वगैरे. निघाला गुरांचा चारा. लॅटिनमधे "फार" म्हणजे एक जुना गहू, तोच जो आपल्याकडे खपली म्हणून पुरणपोळीसाठी चढ्या भावानं घेतात, आणि फरॅगो म्हणजे त्याचं चाळून उरलेलं हलकं धान्य, त्यात कुठली तरी शेंगवर्गीय वेल मिसळून दाट पेरायचं आणि हिरवंच कापून जनावरांपुढे टाकायचं. मग जुवेनाल नावाचा रोमन कवी, पहिल्या-दुसऱ्या शतकातला, त्यानं आपल्या पहिल्याच उपहासकवितेत म्हटलं की माणसं जे जे करतात, त्यांचे नवस, भीती, राग, चैन, आनंद, नुसती धावपळ, ते सगळं माझ्या या छोट्या पुस्तकाचा फरॅगो. म्हणजे स्वतःच्या कवितेला बिनदिक्कत वैरण म्हणतोय. आपल्याकडे कवीला कुणी दुसऱ्यानं म्हटलं असतं तर दिवाळी अंकात वाद पेटला असता. आणि ज्याला आपण सटायर म्हणतो तेही "सातुरा"वरून, म्हणजे नाना पदार्थांनी भरलेलं ताट. थोडक्यात सगळं साहित्य खाण्यापिण्यातूनच आलेलं दिसतंय.

हे मी आईला वाचून दाखवलं. आई खटावकडची, लग्नाआधी घरच्या दोन म्हशींचं सगळं तिच्याकडे. मी म्हटलं, "आई, म्हणजे आंबोणच की गं."

मेथी निवडता निवडता तिनं मान वर केली. "आंबोण कसं? आंबोण घमेल्यात असतंय. सरकी पेंड, भुसा, चुणी, चिमूटभर मीठ, पाणी टाकून भिजवायचं, कोपरापर्यंत हात घालून कालवायचं. तू सांगतोस ते पेरलेलं हाय. ज्वारी दाट फेकायची, मधे चवळी टाकायची न् फुलोऱ्यात कापायची. कडवळ ते."

"पण मिसळलेलं आहे ना दोन्ही?"

"मिसळलेलं तर ही भाजी पण हाय, निम्मी मेथी न् निम्मं गवत. आणली कुणी?"

मी आणली होती.

रविवारी सभेत उभा राहिलो. गहू सांगितला, रोम सांगितलं, जुवेनाल सांगितला, तोपर्यंत निम्मे लोक पार्किंगकडे बघायला लागले होते, म्हणून घाईनं म्हणालो की थोडक्यात चारा, शिवी नाही. "कुणासाठी?" आजोबांनी विचारलं. मी म्हटलं अहो कुणासाठी नाही, शब्द आहे नुसता. सेक्रेटरी मान खाली घालून लिहीत होते.

काल नवं इतिवृत्त आलं. विषय क्रमांक ७, इतर : "एका सदस्यांनी चाऱ्याबाबत सविस्तर माहिती दिली. त्यावर चर्चा होऊन खर्चास एकमताने मंजुरी देण्यात आली."