हात कुठे ठेवू?

ऑपरेशन थिएटरमध्ये शिकायला आलेल्याला सगळ्यात जड जातात ते स्वतःचेच हात. माझं तर ठाम मत आहे, ओटी टेक्निशियनचा निम्मा अभ्यासक्रम हात कुठे लावू नयेत याचाच आहे.

सुरुवात सिंकपाशी. अंगठी, घड्याळ, मनगटातला गंडा आधीच बाहेर. नळ कोपराने उघडायचा आणि क्लोरहेक्सिडिन नाहीतर बीटाडिन या जंतुनाशक स्क्रबने 3 ते 5 मिनिटं नखांखाली, बेचक्यांत, पार कोपराच्या वरपर्यंत चोळायचं. बोटं कायम कोपरापेक्षा उंच, म्हणजे घाण पाणी कोपरावरून गळतं, धुतलेल्या बोटांकडे परत येत नाही. मग दार पाठीने ढकलून आत. नातेवाइकांनी हे दृश्य पाहिलं, तर ऑपरेशनआधीच यांनी हात वर केले असं वाटायचं!

गाऊन-ग्लोव्हज चढले की सोवळं सुरू. आजी सोवळ्यात असली की अख्खी सोवळ्यात असायची. इथे माणूस पुढून सोवळा, मागून ओवळा. पाठ चालत नाही, काख चालत नाही, टेबलाच्या पातळीखालचं काहीच चालत नाही. म्हणून हात छातीशी धरून उभं राहायचं. नेमकं तेव्हाच नाक खाजतं. हात गेलाच, तर ग्लोव्हज बदला आणि सिस्टरचं ऐकून घ्या.

आता ट्रॉली. ऑपरेशनच्या सुरीच्या 3 नंबरच्या हँडलला 10, 11, 15 ची ब्लेडं, 4 नंबरला 20 ते 24. ब्लेड बोटांनी लावायचं नाही. निडल होल्डरमध्ये, म्हणजे सुई पकडायच्या चिमट्यात, धरून हँडलच्या खाचेवर सरकवायचं, 'टक्' आवाज येईपर्यंत. सरांना, म्हणजे सर्जनना, द्यायचं तेही किडनी ट्रेमधून, हातात हात न देता. सुई निडल होल्डरच्या टोकात, दोऱ्याकडून साधारण एक-तृतीयांश अंतरावर पकडायची. अगदी दोऱ्याच्या जोडापाशी पकडली तर सुई वाकते, आणि मग सर सुईकडे नाही, आपल्याकडे बघतात. दोऱ्यांचे आकडे हा आणखी एक छळ: 2 पेक्षा 1 बारीक, पण 2-0 पेक्षा 3-0 बारीक. शून्य मागे लागलं की हिशोब उलटा फिरतो.

ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन. त्यातून आलेल्या गठ्ठ्याच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या की नवशिका खूश. त्या रेघा एवढंच सांगतात की गठ्ठा मशीनमध्ये जाऊन आला. वाफ आतपर्यंत पोचली का, हे गठ्ठ्याच्या आत ठेवलेल्या इंडिकेटर पट्टीला विचारावं.

पण खरी परीक्षा मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायचे कापडी तुकडे, मोजण्याची. सुरुवातीला दोघांनी मिळून, एकेक सुटा करून, मोठ्याने मोजायचे आणि फळ्यावर लिहायचे. पोट शिवण्याआधी पुन्हा. फळ्यावर 10, हातात 9. सर टाके घालायचे थांबतात. एसीतही घाम फुटतो. सर पोटात पुन्हा हात घालून बघतात, इकडे बादली उपसली जाते, चादरींच्या घड्या झटकल्या जातात, भूलतज्ज्ञांना स्टूल सोडून उठावं लागतं. नाहीच सापडला तर एक्स-रे. मॉपमध्ये निळा दोरा असतो तो त्याचसाठी, फिल्मवर दिसतो.

बहुतेकदा दहावा मॉप नवव्याला चिकटलेला निघतो. रक्ताने भिजले की दोन मॉप एक दिसतात. सुटे करून मोजायचे ते म्हणूनच. नवशिक्या सुटकेचा श्वास सोडतो, तेवढ्यात सिस्टर म्हणतात, "आता सुया मोज."