लांबी भरलेलं इंजिन

सकाळपासून डोकं फिरलंय ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, तेव्हा पोस्ट लांबणार. वेळ नसेल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

एका कामासाठी एका आवारात गेलो होतो. कुठलं ते लिहीत नाही, लिहिलं की मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि नुसते फोन सुरू होतात. तिथे चौथऱ्यावर नॅरोगेजचं, म्हणजे अरुंद रुळांवरचं, एक जुनं वाफेचं इंजिन उभं आहे. वर्षानुवर्षं बघतोय मी ते. गंजलेलं, चाकांत गवत, फूटप्लेटवर कुत्र्याची पिल्लं. वाईट वाटायचं, पण निदान खोटं वाटायचं नाही. आज बघतो तर बॉयलर काळा कुळकुळीत, चाकं लालभडक, दांड्यांना चंदेरी रंग आणि शेजारी बदामाचं चित्र काढलेला सेल्फी पॉइंट. फलकावर मोठ्या अक्षरांत ‘वारसा जतन’.

जतन!

एक पोरगा डबा-ब्रश घेऊन साइड रॉडवर, म्हणजे चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्यावर, रंगाचा दुसरा हात मारत होता. मी म्हटलं, बाबा, हा भाग घासून तेल लावून ठेवायचा असतो, रंगवायचा नसतो. तो म्हणाला, “मला काय माहीत काका, दोन दिवसांत चकाचक करा म्हणून वरून सांगितलंय.” त्याची काही चूक नाही. मी रॉडच्या टोकाजवळ बोट फिरवून बघितलं. तिथे ठोकलेला नंबर होता, पंच करून एकेक आकडा. नंबर प्लेट तर कधीच भंगारवाल्याकडे गेल्या असणार, हे इंजिन कोणतं ते सांगणारा तेवढाच एक पुरावा उरला होता. (रॉड एका इंजिनाचा काढून दुसऱ्याला लावायचे हेही खरं, पण काहीतरी धागा तर होता.) आता त्या आकड्यांत चंदेरी रंग वाळलाय.

मग मी बॉयलरच्या पुढच्या पेटीला, स्मोकबॉक्सला, खालच्या अंगाला बोटांच्या पेरांनी ठोकलं. धप. लोखंड असं वाजत नाही. किल्लीने जरा खरवडलं तर आत लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी. पत्रा कुजून पडलेली भोकं लांबीने बुजवून वरून ऑइल पेंट. दिवाळीला भाड्याच्या घराचं दार रंगवतात तसं.

आता हा ‘धप’ मला का झोंबला ते सांगतो.

माझे आजोबा, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मिरजेच्या नॅरोगेज शेडमध्ये बॉयलरमेकर होते. १९८० च्या आसपास, मी आठेक वर्षांचा असताना, एका वॉशआउटच्या, म्हणजे बॉयलर आतून धुवायच्या, दिवशी ते मला बरोबर घेऊन गेले. इंजिन गार होतं. फायरबॉक्सच्या, म्हणजे विस्तवाच्या पेटीच्या, दारातून मोठा माणूस कसाबसा आत शिरायचा, मी सुळकन गेलो. (आज कुणी नातवाला असं आत सोडलं तर संध्याकाळपर्यंत सस्पेंड होईल, आणि बरोबरच आहे.) आत तांब्याची पेटी, बाहेर पोलादी कवच, मध्ये चार बोटं पाण्याची जागा, आणि ही दोन्ही एकमेकांना धरून ठेवणारे शेकडो स्टे. एकेका स्टेच्या डोक्यावर अण्णा हातोडी मारत जायचे. टण्, टण्, टण्. आणि मध्येच एक धप. लगेच खडूची फुली.

“ऐकलास का? ह्यो मेलाय. दिसायला सगळी सारखीच असत्यात लगा. डोळ्यानं न्हाई, कानानं बघायचं.”

मला हातोडी दिली. मी पाच-सहा ठोकले. मला सगळेच टण् वाटले. अण्णा हसले आणि त्यातल्या एकावर फुली मारली.

हे लोक कानाने बघायचे. आणि आपण, ज्यांना डोळे आहेत, आपण लांबीवर रंग मारून वारसा म्हणतोय.

बरं, ही काही बागेतली खेळण्याची गाडी नव्हती. अण्णांची लाइन म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शीला अडीच फुटी लाइन सुरू केली. १९०६ ला पंढरपूर, १९११ ला लातूर, १९२७ ला आपलं मिरज. एका आसावर पाच टनांहून जास्त भार टाकायचा नाही असा त्याचा हिशोब होता, म्हणून रूळ हलके चालले, खर्च कमी झाला, आणि त्या हलक्या रुळांवरूनही भरपूर माल गेला. जगात कुठेही नॅरोगेजचा अभ्यास करणाऱ्याला विचारा, त्याला बार्शी माहीत असते. (या कॅलथ्रॉपने पुढे पॅराशूटही बनवलं. माणूस एका जागी बसणारा नव्हता.) १९५४ मध्ये सरकारने लाइन विकत घेतली. आणि एके काळी मिरज जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज, नॅरोगेज तिन्ही एकाच वेळी होतं. हे आजच्या किती मिरजकर पोरांना माहीत आहे? माझ्याच मुलीला नव्हतं, मीच कधी सांगितलं नव्हतं. म्हणजे शिव्या घालायला सुरुवात घरापासून.

कुणीतरी आता म्हणणारच, की तू नॅरोगेजचे गोडवे गातोस, पण आरग-सलगरे-कवठे महांकाळ करत सांगोल्याला पोचेपर्यंत माणूस आंबून जायचा, आणि वारीच्या दिवसांत लोक टपावर बसायचे. कबूल. ब्रॉडगेज झालं ते चांगलंच झालं. ते नसतं तर २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी जाऊच शकली नसती. संपला विषय. गाडी परत आणा असं मी म्हणतच नाहीये.

मी म्हणतोय की जे ठेवलंय ते नीट ठेवा. आणि नीट ठेवायला काय लागतं? पहिली गोष्ट, चिमणीला झाकण. एक पत्र्याचं झाकण! ते नसलं की चार महिने पाऊस थेट स्मोकबॉक्समध्ये उतरतो. आत जुनी राख आणि काजळी असते, तिच्यात गंधक, त्यात पाणी मिसळलं की झालं तेजाब, आणि तळाचा पत्रा आतून खाल्ला जातो. माझं बोट जिथे धप वाजलं ती जागा तीच. आजही झाकण नाही. एवढा रंग लावला, फलक लावला, आणि चिमणी आभाळाकडे आ वासून. अण्णा असते तर त्यांनी आधी वर बघितलं असतं. इंजिन उभं करून ठेवायचं तर राख झाडून काढायची, पाणी पूर्ण सोडायचं, उघड्या लोखंडाला ग्रीस फासायचं, हे शेडमधल्या खलाशाला माहीत असायचं. यात रॉकेट सायन्स काय आहे?

मिरजेच्या सतारमेकरांकडे कुणी शंभर वर्षांचा तंबोरा दुरुस्तीला दिला आणि त्यांनी भोपळ्याच्या तड्यात लांबी भरून वर लाल ऑइल पेंट मारून परत दिला, तर? दगड पडतील दुकानावर. २०२४ ला आपल्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. मीही ठेवला होता. जवारी लावणारा, म्हणजे घोडी घासून सूर खुलवणारा, कारागीर तारेचा आवाज ऐकतो, अण्णा स्टेचा ऐकायचे. एकाला आपण कलाकार म्हणतो, आणि दुसऱ्याचं सगळं ज्ञान त्याच्याबरोबर पंचगंगेच्या घाटावर जळून गेलं. (अण्णांचे शेवटचे दिवस कोल्हापुरात आत्याकडे गेले, म्हणून पंचगंगा.)

आणि पार्ट मिळत नाहीत, कारागीर नाहीत, हे मला सांगू नका. कुपवाडला, शिरोलीला, गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आहेत. ज्या भागात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर कारखाना उभा केला, त्या भागाला एक व्हॉल्व्ह ओतता येत नाही? साखर कारखान्यांत बॉयलरवर आयुष्य काढलेली माणसं निवृत्त होऊन पारावर बसलीत. निलगिरीच्या गाडीसाठी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने वाफेची कोरी इंजिनं बांधली, या शतकात! दार्जिलिंगची छोटी इंजिनं शंभरी उलटून धावतात. वेल्समध्ये टॅलिलिन नावाची बारकी लाइन १९५१ पासून हौशी लोक स्वतः चालवतात, त्यात मास्तर, कारकून, दुकानदार असे सगळे. आपल्याकडे हौशी लोक नाहीत का? गणपतीत रात्र-रात्र जागून देखावे उभे करणारी मंडळं कुणाची आहेत?

पैसा लागतो, हो. जुन्या बॉयलरच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते उघडायला जाणकार माणूस लागतो, हेही मान्य. बॉयलरशी खेळ नको, पाण्याच्या दाबाची चाचणी झाल्याशिवाय त्यात काडीही पेटवू नये. सगळं मान्य. पण झाकणाला किती पैसा लागतो?

चहा गार झाला आणि राग थोडा उतरला. खरं सांगू, मी तिथून निघालो तेव्हा एक बाई तीन-चार वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन इंजिनासमोर उभी होती. पोरगं त्या लाल चाकाकडे बोट दाखवून “झुकझुक, झुकझुक” करत होतं. गंजलेल्या इंजिनाजवळ कुणी पोर घेऊन येत नव्हतं, हे मला कबूल करायला लागेल. रंगाने एवढं केलं.

मी परत त्या रंगवणाऱ्या पोराकडे गेलो. म्हटलं, तेवढी नंबराची जागा टर्पेंटाइनने पुसशील का? त्याने इकडेतिकडे बघितलं, बाटली काढली, बोळा भिजवून घासलं. रंग अजून पुरता वाळला नव्हता. दोन आकडे स्पष्ट वर आले, तिसरा अर्धा. ‘४’, ‘७’, आणि मग शून्य किंवा आठ. मी फोटो काढलाय, पण तो इथे टाकत नाही, नाहीतर उद्या त्याच्यावर दुसरा हात बसेल.

घरी येऊन अण्णांची हातोडी शोधली. माळ्यावर, पितळी डब्यात, पाव किलोपेक्षा जरा जास्त वजनाची, दांडा घामाने काळा पडलेला. मुलीने विचारलं हे काय. तिला स्वयंपाकघरात नेलं, जुना लोखंडी तवा आणि तडा गेलेली बिड्याची कढई शेजारी ठेवली, आणि सांगितलं डोळे मीट.

तिला पहिल्याच फटक्यात कळलं.

रविवारी मी झाकणाचं माप घ्यायला जातोय. पत्रा कापून देणारा कुणी ओळखीत असेल तर इनबॉक्स करा. शिडी माझी आहे.