१ ऑगस्ट : सकाळचा हार आणि संध्याकाळची हलगी

आमच्या शाळेत १ ऑगस्टला सकाळी लोकमान्यांच्या तसबिरीला हार घातला जात असे आणि कोणीतरी मुलगा शेंगांच्या टरफलांची गोष्ट न अडखळता सांगत असे. त्याच संध्याकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला हलगी कडाडायची आणि अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीची मिरवणूक निघायची. सकाळच्या भाषणांत संध्याकाळचा उल्लेख कधीच नसे, याची खंत मला आजही वाटते.

तारखेप्रमाणे वर्षही एकच आहे, १९२०. त्या दिवशी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईच्या सरदारगृहात टिळकांनी देह ठेवला आणि भर पावसात लाखोंचा समुदाय त्यांच्या अंत्ययात्रेला लोटला. गिरगाव चौपाटीवर त्यांना अग्नी देण्यात आला. असहकाराच्या आरंभासाठी गांधीजींनी आधीच जाहीर केलेला दिवसही हाच होता आणि त्यांनी कैसर-ए-हिंद पदक व्हाइसरॉयकडे परत पाठवले. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यात, तुकाराम भाऊराव साठे जन्माला आला तोही याच दिवशी.

एक गेला आणि दुसरा आला, यात काही जणांना दैवी संकेत दिसतो. मला ते पटत नाही; योगायोगाला योगायोगच म्हणावे. टिळकांची सामाजिक मते अण्णा भाऊंना मानवली असती, असेही मी म्हणणार नाही. तरीही या दोघांमध्ये एक खरा दुवा आहे आणि तो गिरणगावात सापडतो. १९०८ च्या जुलैमध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला आणि त्यासाठी गोळ्याही झेलल्या. पुढे वाटेगावाहून पायी मुंबई गाठलेल्या अण्णा भाऊंनी याच गिरणगावात मजुरी केली, १९४४ मध्ये अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारले आणि कामगारांच्या चाळींपुढे डफावर थाप मारली. 'फकिरा' लिहिणारा हात आधी गिरणीत राबलेला होता, हे मुलांना कळायला हवे.

शिक्षक मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, की यंदा टरफलांच्या गोष्टीसोबत त्या सहा दिवसांची गोष्टही सांगा आणि संध्याकाळी हलगी वाजवणाऱ्या मुलांना सकाळीच शाळेच्या मैदानावर वाजवू द्या.