आरएक्सला ‘मोकळा श्वास’ देण्याआधी

गेल्या पावसाळ्यापासून गाडीवेड्या पोरांच्या फोनवर यामाहाच्या जुन्या आरएक्स १०० बाइकबद्दल एक मजकूर फिरतोय. ‘आरएक्स १०० ट्रेलला न्यायचीय? टू-स्ट्रोकला मोकळा श्वास द्या’, असा मथळा आणि खाली पाच उपाय. ऑइल पंप काढून टाका आणि लिटरभर पेट्रोलला ६० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं ऑइल, मिसळा. एअर फिल्टर काढा. सायलेन्सरमधली नळी उपसून फेका. कार्ब्युरेटरमधला मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र, दोन नंबर मोठा घाला. सिलिंडरचं हेड घासून घ्या आणि एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे धूर बाहेर जायचं तोंड, वर उचला. मजकुराचा दावा असा की एवढं केलं की शंभर सीसीची जुनी गाडी डोंगरात परदेशी डर्ट बाइकसारखी पळते.

साताऱ्याकडच्या मुरमाच्या वाटांवर मी बरीच वर्षं आरएक्स चालवतो, इंजिन स्वतः उघडतो आणि स्वतः बांधतो. हे पाचही उपाय करून आलेली एक गाडी मार्चमध्ये माझ्या अंगणात उघडली. पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या अंगाला उभे ओरखडे होते, बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) वाजत होता आणि क्रँककेसच्या, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीच्या, तळाशी तांबूस चिखल साचला होता. गाडी मालकाच्या वडिलांनी घेतलेली. १९९६ नंतर आरएक्स १०० बनलेली नाही, त्यामुळे असं एक इंजिन गेलं की एक इंजिन कायमचं कमी होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक प्रयोग करून बघा. मुठीवर पांढऱ्या टेपची पट्टी लावा, तिच्यावर पाव, अर्धा आणि पाऊण अशा खुणा करा आणि नेहमीच्या वाटेवर तासभर गाडी चालवा. दगडगोट्यांतून, ओढ्यातून, खड्या वळणांच्या चढावरून जाताना थ्रॉटल बहुतेक वेळ पाव ते अर्ध्याच्या आतच राहतो. पूर्ण मूठ पिळायला मिळते ती कुठेतरी माळावर, थोडा वेळ. मजकुरातला जवळजवळ प्रत्येक उपाय मात्र पूर्ण उघडलेल्या थ्रॉटलसाठी आहे. सरळ रस्त्यावर शर्यत लावणाऱ्याच्या डोक्यातून तो आलाय आणि त्याला ट्रेलचं नाव चिकटवलंय.

‘ऑइल पंप काढा, भरपूर ऑइल मिसळा, इंजिन जास्त टिकेल.’ हे वाचायला इतकं पटणारं आहे की सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. ऑइल जास्त म्हणजे वंगण जास्त, इथपर्यंत बरोबर आहे. पण ते ऑइल पेट्रोलची जागा घेऊन जेटमधून जातं. लिटरभर मिश्रणात ३० मिलीच्या प्रमाणाने सुमारे ९७१ मिली पेट्रोल असतं, ६० मिलीच्या प्रमाणाने ९४३. म्हणजे जेट तोच, पण पेट्रोल जवळजवळ तीन टक्क्यांनी घटलं. शिवाय ऑइलने मिश्रण दाट होतं आणि जेटमधून सावकाश वाहतं. जेटिंग न बदलता ऑइल वाढवलं की मिश्रण लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि लीन मिश्रण जास्त तापतं. ज्याला आपण जपणूक समजतो तीच पिस्टन तापवते. वर न जळलेलं ऑइल प्लगवर, रिंगच्या खाचांत आणि एक्झॉस्ट पोर्टच्या कडेला काजळी होऊन बसतं. रिंग खाचेत चिकटली की कॉम्प्रेशन गेलं.

आता पंपाकडे येऊ. यामाहाने ऑइल वेगळ्या पंपाने पुरवायची ऑटोल्यूब पद्धत १९६४ साली आणली ती पेट्रोल पंपावर ऑइल मोजत बसायचा त्रास वाचवायलाच नव्हे. हा पंप इंजिनच्या फेऱ्यांनी फिरतो आणि थ्रॉटलच्या केबलने कमी-जास्त होतो. मंद चालीला थोडं ऑइल, जोराला जास्त. सह्याद्रीत याचा खरा उपयोग उतारावर कळतो. आंबेनळी घाट महाबळेश्वरकडून पोलादपूरला उतरताना मूठ बंद असते, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनच्या ब्रेकवर असते आणि फेऱ्या मात्र चढलेल्या असतात. ऑइल पेट्रोलात मिसळलेलं असेल तर पेट्रोल बंद म्हणजे वंगणही बंद. पायलट जेट या मंद चालीच्या छोट्या छिद्रातून झिरपेल तेवढंच मिळतं. पंप असेल तर तो फेऱ्यांबरोबर थोडंथोडं ऑइल ढकलत राहतो. पंप काढलेल्यांनी उतारावर क्लच दाबून मधूनमधून मूठ पिळायची सवय लावलीच पाहिजे. ती लागेपर्यंत इंजिन वाट बघत नाही.

पंपाला दोष नाहीत असं मी म्हणत नाही. केबल ताणली जाते, नळीत हवा अडकते, टाकी रिकामी झाल्याचं लक्षात येत नाही. यासाठी पंपाच्या खुणा जुळवा, नळीतली हवा काढा. शर्यतीसाठी बांधलेल्या इंजिनात मिश्रण वापरतात तेही योग्यच, कारण तिथे थ्रॉटल बराच वेळ पूर्ण उघडा असतो. मिसळायचंच असेल तर लिटरला २५ ते ३० मिली, जॅसो एफसी किंवा एफडी दर्जाचं (डब्यावर तसं छापलेलं असतं) टू-टी. बोटीच्या इंजिनाचं ऑइल नको, ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. फोर-स्ट्रोकचं इंजिन ऑइल तर मुळीच नको. जळल्यावर त्याची राख राहते आणि ती पिस्टनच्या डोक्यावर लाल निखाऱ्यासारखी तापते.

‘फिल्टर काढा, हवा मोकळी होऊ द्या.’ या एका ओळीवर मला राग आहे, कारण लिहिणाऱ्याला टू-स्ट्रोकमध्ये हवा कुठून जाते हेच ठाऊक नसावं. फोर-स्ट्रोकमध्ये हवा व्हॉल्व्हमधून थेट सिलिंडरच्या वरच्या भागात येते, खालचा क्रँक आपल्या ऑइलमध्ये निवांत असतो. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक घोट आधी क्रँककेसमध्ये उतरतो. मेन बेअरिंगवरून, बिग एंडवरून, पिस्टनच्या स्कर्टवरून फिरतो आणि मग पोर्टमधून वर चढतो. म्हणजे वाटेवरची लाल धूळ आधी बेअरिंगमध्ये जाते आणि तिथे ऑइलशी मिसळून घासायची पेस्ट बनते. माझ्या अंगणात उघडलेल्या क्रँककेसमधला तो तांबूस चिखल तोच होता. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घालता येतो, क्रँक बांधायचं काम त्याहून कितीतरी मोठं आणि महाग असतं.

दुसरं असं की एअर बॉक्स आणि फिल्टर हवेला थोडा अडसर करतात आणि कारखान्याने जेट त्या अडसराचा हिशेब धरूनच दिलेला असतो. तो काढला की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं. गाडी ‘हलकी’ वाटते, आवाज चढतो. अशा आवाजावर पोरं खूश होतात आणि दोन रविवारी इंजिन जाम होतं.

फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये किंवा डिझेलमध्ये हलक्या हाताने धुवा, मग साबणाच्या पाण्यात. पिळू नका, दाबा. सावलीत पूर्ण वाळू द्या. मग फिल्टर ऑइल घालून सगळीकडे सारखं मुरवा. कडेला ग्रीसचा पातळ थर लावा, म्हणजे बाजूने धूळ शिरणार नाही. पेट्रोलने धुतलेल्या फोमचे सांधे सुटतात. धुळीच्या दिवसांत हे प्रत्येक फेरीनंतर करायचं. एअर बॉक्स आणि कार्ब्युरेटरमधलं रबर चिरलं असेल तर फिल्टर कितीही स्वच्छ असून उपयोग नाही, तेही वाकवून बघा.

‘सायलेन्सरमधली नळी काढा, पॉवर वाढते.’ टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनचाच भाग आहे. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड या मोटरसायकलींच्या कारखान्यात वाल्टर काडेन या अभियंत्याने हे शास्त्र पक्कं केलं. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची लाट पाइपमध्ये धावते. पाइप रुंद होत जातो तिथून ती खेच बनून परत येते आणि सिलिंडरमधला धूर ओढून काढते. पुढे पाइप अरुंद होतो तिथून दाब बनून परतते आणि पोर्ट बंद होण्याआधी बाहेर सांडलेलं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. या ज्ञानावर १९६१ मध्ये एमझेडच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्ती दिली, म्हणजे लिटरमागे दोनशे. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर देश सोडून गेला, ते ज्ञान सुझुकीकडे पोचलं आणि १९६२ ची ५० सीसी विश्वस्पर्धा सुझुकीने जिंकली. ज्या पाइपच्या मापांसाठी इतकं घडलं, त्याच्या आतली नळी पकडीने उपसायची?

ही नळी म्हणजे पाइपचा शेवटचा अरुंद भाग, त्याच्यामुळे पाइपमध्ये दाब टिकतो. तो गेला की परत ढकलणारी लाट मंदावते, ताजं मिश्रण धुरासोबत बाहेर जातं आणि सगळ्यात आधी खालच्या फेऱ्यांतली ओढ जाते. ट्रेलवर कामाची ओढ तीच असते. एक गोष्ट मात्र त्या मजकुराच्या मुळाशी खरी आहे. वर्षानुवर्षं न काढलेली नळी काजळीने बुजते आणि गाडी खरोखर गुदमरते. तेव्हा ती काढा, भट्टीत किंवा ब्लोलॅम्पने जाळा, तारेच्या ब्रशने साफ करा आणि परत बसवा. जंगलाच्या कडेला, वाडीजवळून जाताना नळी काढलेली गाडी किती लांबवर ऐकू येते हेही ध्यानात घ्या. गावकऱ्यांनी वाट बंद केली तर ती सगळ्यांसाठी बंद होते.

‘मेन जेट दोन नंबर मोठा.’ यात अर्धं सत्य आहे. आज पंपावर मिळणाऱ्या ई-२० पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलवर जुळवलेलं कार्ब्युरेटर सात-आठ टक्के लीन चालतं. आरएक्सला ते ओळखणारा कुठलाही सेन्सर नाही. तेव्हा पेट्रोल थोडं वाढवावं लागतं हे मान्य. पण मेन जेट काम करतो तो पाऊण थ्रॉटलपासून पुढे. बंद मुठीपासून पाव भागापर्यंत पायलट जेट आणि एअर स्क्रू, पावाच्या आसपास मुठीने वर-खाली होणाऱ्या स्लाइडचा काप, पाव ते पाऊण त्या स्लाइडला लटकलेली सुई. टेपची पट्टी आठवा. ट्रेलवर तुम्ही पायलट आणि सुईवर जगता. मेन जेट कितीही मोठा घातला तरी तिथला लीनपणा तसाच राहतो.

म्हणून सुरुवात खालून करायची. गाडी नीट तापवा. एअर स्क्रू हळूहळू फिरवून इंजिन सगळ्यात स्थिर आणि चपळ कुठे चालतं ते शोधा. या कार्ब्युरेटरवर हा स्क्रू हवेचा आहे, बाहेर काढला की लीन. अडीच फेऱ्यांपलीकडे जावं लागलं तर पायलट मोठा आहे, अर्ध्या फेरीच्या आत बसला तर लहान. मग सुई: लॉक खालच्या खाचेत टाकला की सुई उचलते आणि पेट्रोल वाढतं. मूठ सोडल्यावर फेऱ्या वरच लटकत राहिल्या तर लीन समजा. फट-फट करत गोंधळली, धूर सोडला, प्लग ओला झाला तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एका वेळी एकच बदल. शेवटी मेन जेट.

उंचीचाही हिशेब ठेवा. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथे हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे १२ टक्के विरळ. कोकणात जुळवलेली गाडी वर गेली की थोडी रिच होते, ओढ कमी पण इंजिन सुरक्षित. वर जुळवून कोकणात उतरलात तर लीन, आणि थंडीच्या सकाळी आणखी. तेव्हा सगळ्यात खालच्या आणि थंड ठिकाणासाठी जुळवा.

आणि मजकुरात जे मुळीच नाही तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तीस-चाळीस वर्षांच्या या इंजिनांचा लीनपणा बहुतेकदा जेटमध्ये नसतोच, तो क्रँकच्या ऑइल सीलमध्ये असतो. मॅग्नेटोकडचा (ठिणगीची वीज बनते त्या बाजूचा) सील वाळून कडक झाला की तिथून हवा शिरते. क्लचकडचा गेला की गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी न गळता उतरत राहते. आयडलिंगला चालू इंजिनाच्या इनटेकच्या सांध्यावर थोडा कार्ब्युरेटर क्लीनर मारा. फेऱ्या बदलल्या तर तिथून हवा शिरतेय. सीलसाठी पोर्ट बंद करून क्रँककेसमध्ये सहा पीएसआय हवा भरा आणि पाच-सहा मिनिटं काटा बघा. उतरत असेल तर जेटला हात लावू नका, आधी सील बदला.

हेड घासणं आणि पोर्ट उचलणं याबद्दल थोडक्यात. एक्झॉस्ट पोर्ट वर नेला की ताकद वरच्या फेऱ्यांकडे सरकते, खालची जाते, आणि घासलेलं लोखंड परत येत नाही. हेड घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला संथ चढावर वारा लागत नाही, तिथे नॉकिंगची, म्हणजे मिश्रण अवेळी पेटून ठोके बसायची, वेळ लवकर येते. चढावर ओढ हवी असेल तर पुढचं स्प्रॉकेट १४ दातांवरून १३ करा. फरक सात टक्क्यांचा, मागे साधारण तीन दात वाढवल्याइतका. खर्च नगण्य, नाही आवडलं तर अर्ध्या तासात पूर्ववत.

मार्चमध्ये उघडलेली ती गाडी जूनमध्ये चालू झाली. क्रँक बांधला, दोन्ही सील नवे, सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन. पंप जागेवर आला, नळी साफ होऊन परत बसली. पायलट एक नंबर मोठा, सुईचा लॉक एक खाच खाली, मेन जेट फक्त एक नंबर वर, पुढे १३ दात. परवा वाईच्या वरच्या धारेवरून दिवसभर फिरून आल्यावर गाडीच्या मालकाने माझ्या अंगणातच फिल्टर काढून दाखवला. बाहेरून विटेसारखा लाल होता, आतून स्वच्छ.